अकराला वाजणारे बारा

ब्रनो शहरात टेकडीवरच्या देवळाची घंटा
दुपारचे बारा अकरालाच वाजवते.
जुनी गोष्ट सांगतात, स्वीडिश वेढ्याची:
सेनापती म्हणे बोलून बसला, बारापर्यंत शहर पडलं नाही
तर उठून जाईन,
आणि कुणीतरी वर चढून
तासभर आधीच दोर ओढला.
खरं-खोटं घंटेला ठाऊक.

ज्दिस्लावाच्या टेबलावर
ट्रामच्या पोटातून काढलेला बोर्ड,
कोपऱ्यात वंगणाच्या अंगठ्याचा ठसा.
पडद्यावर चाळीस ओळींचा इशारा,
"इथे कापा" म्हणून सुरू होणारा
आणि सोळा शून्यांवर संपणारा.

डेपोतला बोहुमीर फोनवर म्हणतो,
वाजतंय ना? थांब्यांची नावं ऐकू येतात ना? मग?

वाजतं. दोनशे वेळा सुरू करा,
एकशे नव्याण्णव वेळा ती रेकॉर्ड केलेली बाई
न चुकता सांगते: पुढचा थांबा, सेमिलासो.
दोनशेव्या वेळी ट्राम मुकी.
तीही पहाटे चारला, उणे अकरा अंशांत,
बोहुमीरच्या पाळीतच.

ती खालून वर वाचत जाते,
कुणी कुणाला हाक मारली, त्या आधी कुणी कुणाला.

कर्नल घाईत उठतो. कामं वाटून देतो:
तू हे बघ, तू ते, मी थांबत नाही.
आवाजाचा ड्रायव्हर एका गड्याच्या हाती येतो.
गडी अर्ध्यावर येऊन बसकण मारतो,
कोडेकचं मॉड्यूल आणा, त्याशिवाय मी हलत नाही.
मॉड्यूल येतं, उंबऱ्यावर थबकतं:
वाटलेली सगळी कामं आधी संपू देत,
एकही गडी अडकलेला असेल तर
मी आलो असं धरू नका.

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही,
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.
ही म्हण तिला कुणी सांगितलेली नाही.
तिने बिलाच्या पाठीवर दोन चौकोन काढले, दोन बाण,
आणि बाण एकमेकांची शेपटी धरून बसले.

मग एरवी कसं चालतं?
एरवी कोडेक आधीच येऊन बसलेला असतो,
भलत्याच कुणाच्या बोलावण्यावरून.
थंडीत मात्र त्याला उशीर होतो.
इतकंच. नशिबावर चाललेल्या दोनशे ट्राम.

आणि हा इशारा? तो तर रोजच येत होता,
उन्हाळ्यातही, सगळं सुरळीत असताना.
कित्येक वर्षांपूर्वी कुणी अनोळखी माणसाने
कोडमध्ये ही ओळ रोवून ठेवली:
इथून अशी हाक मारू नये.
अडवलं नाही त्याने कुणाला. ओरडला फक्त,
अजून काही बिघडलेलं नसताना.
लोकांनी तेवढी ओळ गाळून लॉग वाचला.
तीही गाळायची. मार्चपर्यंत.

पहिला उपाय फसला:
हाक मारायची पण थांबायचं नाही.
दर तिसरी सुरुवात मुकी.
दुसरा उपाय आठ ओळींचा, त्यातल्या सहा पुसलेल्या:
कामं वाटायच्या आधीच कोडेकला बोलावून घ्यायचं,
दार उघडं असताना, कुणी कुणासाठी अडलेलं नसताना.

रात्रभर रिलेची टिकटिक. बंद, चालू, बंद, चालू.
बोर्ड खिडकीबाहेर, डबा उलटा घालून, बर्फात.
ती जॅकेट अंगावर ओढून खुर्चीतच.
चारशे वेळा सेमिलासो.
चाळीस ओळींच्या जागी काहीच नाही,
आणि त्या काहीच नाहीकडे
ती बराच वेळ संशयाने बघत राहिली.

बदलाचं कारण लिहायचं होतं. तीनदा खोडून लिहिलं:
कोणी कोणाची वाट पाहायची, तो क्रम बदलला.

बोहुमीरला कळवलं. तो म्हणाला, बरं झालं.
मग म्हणाला, सहा नंबरच्या म्हाताऱ्यांना
मुकी गाडीच आवडायची खरं तर.

बाहेर बारा वाजले.
सतरा वर्षं याच शहरात राहूनही
ती उठली, डबा उघडला,
आणि मग घड्याळाकडे पाहिलं.